रिव्ह्यू : नासाचा डिस्कव्हरी प्रोग्रॅम, म्हणजे कोणाचं यान जाणार हे ठरवायची पद्धत

आधी ही सर्व्हिस नेमकी करते काय ते सांगतो. शास्त्रज्ञांची एक टीम म्हणते आम्हाला अमुक ग्रहावर किंवा लघुग्रहावर जायचंय, एवढ्या पैशात जाऊ, तिथे हे हे मोजू, आणि अशा सगळ्या टीम्सना नासा एकाच डेडलाइनला बोलावते, एकाच नियमावलीवर तपासते आणि त्यातून एक किंवा दोन उचलते. डिस्कव्हरी प्रोग्रॅम १९९२ मध्ये सुरू झाला. स्टारडस्ट, मेसेंजर, डॉन, केप्लर, इनसाइट, लूसी, सायकी ही सगळी यानं यातूनच आलीत. स्पर्धेतून निवडलेलं पहिलं म्हणजे लुनार प्रॉस्पेक्टर, १९९८ च्या जानेवारीत उडालं.

मी अर्जदार नाही, वाचक आहे. इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांबरोबर छोट्या उपग्रहांच्या पेलोडवर, म्हणजे त्यावर बसवायच्या उपकरणांवर, काम करतो आणि प्रपोजल कसं लिहायचं, तपासणारा त्यात काय शोधतो, हे शिकवायला साधन पाहिजे होतं, ते मला इथे मिळालं. प्रस्ताव मागवताना नासा जी जाहिरात काढते तिला एओ म्हणतात, अनाउन्समेंट ऑफ ऑपॉर्च्युनिटी, शंभराच्या वर पानांची पीडीएफ, फुकट, लॉगिन वगैरे काही नाही. तपासणीचं काम बघणारं सोमा नावाचं ऑफिस व्हर्जिनियातल्या लँगली सेंटरमध्ये आहे, त्यांच्या साइटवर एओ, त्यात नंतर झालेले बदल, टीम्सनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं सगळं ठेवलेलं असतं. प्रश्न कुठल्या टीमने विचारला ते लपवतात पण उत्तर सगळ्यांना दाखवतात. म्हणजे ओळखीच्या माणसाला फोन करून एकट्याने माहिती काढायची सोयच ठेवलेली नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे कितीतरी टेंडरांमध्ये एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मी भांडणं होणार नाहीत.

आता तपासणी कशी होते. पहिल्या टप्प्यात तीन गोष्टींना वजन आहे आणि ते वजन आधीच छापलेलं असतं. सायन्स मुळात किती मोलाचं, याला साधारण ४० टक्के. जी उपकरणं नेणार त्यांनी ते सायन्स खरंच हाती लागेल का, याला ३०. आणि यान, टीम, वेळापत्रक, पैसा हे सगळं जमेल का, याला ३०, ह्या तिसऱ्याला टीएमसी म्हणतात म्हणजे टेक्निकल, मॅनेजमेंट, कॉस्ट. पहिल्या दोनला एक्सलंटपासून पुअरपर्यंत शेरा मिळतो, तिसऱ्याला रिस्क लो, मीडियम की हाय ते. शिवाय प्रत्येक शेऱ्याखाली कारणं लिहावी लागतात, मोठ्या जमेच्या बाजू, छोट्या जमेच्या बाजू, मोठे दोष, छोटे दोष अशी. बजेटमध्ये २५ टक्के पैसा कुठल्याच कामाला न बांधता राखून ठेवावा लागतो, नसेल तर तिथेच अडकता. आमच्या पोरांच्या प्रपोजलात पहिल्यांदा हे राखीव पैशाचं टाकायला लावलं तेव्हा सगळ्यांना वाटलं सर उगाच आकडा फुगवतायत, पण एकदा सेन्सर उशिरा आला की कळतं तो पैसा कशासाठी असतो.

ह्या सगळ्यावरून प्रस्तावांचे चार गट पाडले जातात आणि मग निवड एक माणूस करतो, नासाच्या सायन्स विभागाचा प्रमुख. २०१७ आणि २०२१ च्या निवडी थॉमस झुर्बुकेन यांच्या सहीच्या. काही लोकांना हे खटकतं की एवढ्या पॅनल, एवढे तज्ज्ञ आणि शेवटी एकच सही, पण मला ते बरोबर वाटतं कारण कमिटीने ठरवलं म्हटलं की उत्तर द्यायला कोणीच सापडत नाही, इथे माणसाचं नाव सगळ्यांना माहिती असतं.

दुसऱ्या टप्प्यात मोजकेच राहतात. २०२० च्या फेब्रुवारीत चार राहिले होते: शुक्रावर जाणारे डाविन्ची प्लस आणि व्हेरिटास, गुरूच्या आयओ चंद्रावरचे ज्वालामुखी बघणारं आयव्हीओ, आणि नेपच्यूनच्या ट्रायटन चंद्राजवळून जाणारं ट्रायडंट. प्रत्येकाला ३० लाख डॉलर आणि नऊ महिने, त्यात सविस्तर अभ्यास करून जाडजूड रिपोर्ट द्यायचा. मग तपासणारे टीमला समोर बसवून दिवसभर प्रश्न विचारतात, त्याला साइट व्हिजिट म्हणतात, पहिल्या टप्प्यात जे दोष काढलेत त्यांचं तुम्ही काय केलंत हे तोंडावर सांगावं लागतं. २ जून २०२१ ला निकाल आला, दोन्ही शुक्राची यानं, प्रत्येकी साधारण ५० कोटी डॉलर.

ह्याच डाविन्ची आणि व्हेरिटासला २०१७ मध्ये नाही म्हटलेलं होतं! त्या वेळी पंचवीसहून जास्त प्रस्तावांमधून पाच शेवटपर्यंत आले होते आणि ४ जानेवारी २०१७ ला लूसी आणि सायकी निवडले गेले, शुक्रवाले दोघंही घरी. ते परत आले, आणि आले ते सुधारून आले. पाचवं होतं निओकॅम, पृथ्वीजवळचे लघुग्रह शोधणारी दुर्बीण, त्याला डिस्कव्हरीत जागा मिळाली नाही पण काम चालू ठेवायला पैसे दिले आणि पुढे तेच निओ सर्व्हेयर म्हणून पृथ्वीच्या संरक्षणाच्या खात्यातून मंजूर झालं.

ही सर्व्हिस मला का आवडते त्याचं खरं कारण हेच आहे की नाही म्हणताना ती कारण देते, आणि कारण असं देते की त्यावर काम करता येतं. सगळ्यात भारी उदाहरण केप्लर. विल्यम बोरुकी हे नासाच्या एम्स सेंटरमधले शास्त्रज्ञ, १९६२ पासून तिथे, आधी अपोलोच्या हीट शील्डवर काम केलेले. त्यांची कल्पना अशी की दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकला की ताऱ्याचा प्रकाश अगदी किंचित कमी होतो, ते मोजलं तर ग्रह सापडतो. पृथ्वीएवढ्या ग्रहाने सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश कमी होतो तो दहा हजारात एक भाग, एवढं बारीक मोजायचं आणि तेही हजारो ताऱ्यांसाठी एकाच वेळी. १९९२ ला मांडलं तेव्हा उत्तर आलं की कल्पना चांगली, पण एवढं अचूक मोजणारे डिटेक्टर अस्तित्वात नाहीत. यांनी डिटेक्टर तपासून तसं मोजता येतं हे दाखवलं. १९९४ ला परत गेले तर म्हणे खर्च बसणार नाही, डिस्कव्हरीच्या मर्यादेच्या फार बाहेर जाईल. यांनी यानाची कक्षाच बदलली, सूर्याभोवतीची स्वस्त कक्षा घेतली आणि खर्चाचा अंदाज वेगवेगळ्या तीन पद्धतींनी काढून दाखवला, केप्लर हे नावही तेव्हाचं, आधी त्याचं नाव फ्रेसिप होतं. १९९६ ला उत्तर आलं, हजारो ताऱ्यांचा प्रकाश एकदम आपोआप मोजून कोणी दाखवलाय का? नव्हता दाखवला. मग यांनी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत व्हल्कन नावाची छोटी दुर्बीण उभी केली आणि सुमारे सहा हजार तारे एकदम मोजून दाखवले. १९९८ ला गेले तर शंका आली की यान हलतं, डिटेक्टरमध्ये नॉइज असतो, ह्या सगळ्यासकट तेवढी अचूकता टिकेल हे सिद्ध कुठेय. मग लॅबमध्ये खोटं आकाश बनवून यानाचं हलणं-डुलणंसुद्धा त्यात घालून मोजून दाखवलं. पाचव्या वेळी, डिसेंबर २००१ मध्ये, निवड झाली. २००९ च्या मार्चमध्ये उडालं आणि २०१८ ला बंद झालं तोपर्यंत २६०० च्या वर ग्रह नावावर.

हे परत वाचा. प्रत्येक नकार वेगळा होता आणि प्रत्येक नकाराने पुढचं काम काय ते सांगितलं. चौथ्या नकारानंतर जे प्रपोजल होतं ते पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम होतं आणि त्यातली निम्मी भक्कमी तपासणाऱ्यांची होती असं माझं स्पष्ट मत आहे. पोरांचं प्रपोजल कुठेतरी नापास होऊन येतं आणि सोबत फक्त एका ओळीचं पत्र येतं, खेद वाटतो वगैरे, तेव्हा मला राग येतो तो यामुळेच. नापास करा की, पण कुठे कमी पडलं ते सांगा.

एक गोष्ट मात्र खटकते. ही लेखी कारणं फक्त त्या त्या टीमला मिळतात. केप्लरचं आपल्याला माहिती आहे कारण टीमने नंतर स्वतः लिहिलं, बाकी नापास झालेल्या शेकडो प्रस्तावांचं काय चुकलं हे बाहेरच्याला कळत नाही. प्रपोजलात कंपन्यांची आणि संस्थांची गुप्त माहिती असते हे मान्य, तरी दहा-पंधरा वर्षांनी, टीमची परवानगी घेऊन, निदान मोठे दोष तरी खुले करायला हरकत नसावी. नवीन माणूस त्याच त्याच खड्ड्यात परत पडतो.

आणि आता खरी तक्रार, जिच्यामुळे मी पाचपैकी पाच देत नाही. पुढची एओ कधी येणार याचा पत्ता नाही. आतापर्यंतच्या एओ बघा, १९९४, १९९६, १९९८, २०००, मग २००४, २००६, मग २०१०, २०१४, २०१९. त्यानंतर एकही नाही. मोठी बहीण म्हणावी अशी न्यू फ्रंटियर्स, म्हणजे जास्त बजेटच्या यानांसाठीची नासाचीच अशी स्पर्धा, तिचंही तेच, २०२३ च्या जानेवारीत एओचा मसुदा काढला आणि त्याच वर्षी सांगून टाकलं की २०२६ च्या आधी होणार नाही. कारण पैसा, ते मला समजतं. पण ज्या सर्व्हिसची सगळी ताकद 'सुधारून परत या' ह्यात आहे तिने परत यायचं दारच पाच-पाच वर्षं बंद ठेवलं तर उरतं काय? बोरुकींचा जन्म १९३९ चा, पहिल्या प्रयत्नाला वय त्रेपन्न, निवडीला बासष्ट, उड्डाणाला सत्तर. पाच प्रयत्न नऊ वर्षांत झाले म्हणून जमलं. आजच्या वेगाने तेच पाच प्रयत्न करायला वीस वर्षं गेली असती, आणि एवढा वेळ टीम टिकत नाही, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरत्या नेमणुकीवरचे संशोधक, दुसरीकडे नोकरी बघतात, उपकरण बनवणारे इंजिनीअर रिटायर होतात. पहिल्या टप्प्याचं लिखाण तर संस्था स्वतःच्या खर्चाने करते, तो खर्च पाच वर्षं नुसता पडून राहतो.

त्यात आकाशाचं वेळापत्रक वेगळंच असतं, ते कोणासाठी थांबत नाही. ट्रायडंटला २०२५ च्या सुमारास निघणं गरजेचं होतं, गुरूच्या ओढीचा फायदा घेऊन २०३८ ला ट्रायटनपाशी पोचायचं होतं, निवड झाली नाही आणि ती वाट गेली. त्याच्या आधी टाइम नावाचा प्रस्ताव होता, शनीच्या टायटन चंद्रावर मिथेनचे समुद्र आहेत त्यातल्या लायजिया मारे नावाच्या समुद्रात तरंगणारं यान सोडायचं, २०१६ ला निघून २०२३ ला पोचायचं. एलन स्टोफन त्याच्या प्रमुख होत्या. का तेव्हाच, तर उत्तरेकडच्या त्या समुद्रांवर नंतर हिवाळा येतो आणि पृथ्वी क्षितिजाखाली जाते, मग यानाला थेट पृथ्वीशी बोलता येत नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्याच्याऐवजी इनसाइट निवडलं गेलं. इनसाइटने मंगळाचे भूकंप ऐकले, ते काम मोठंच आहे, माझं त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पृथ्वीबाहेरच्या समुद्रात बोट सोडायची कल्पना ज्या पिढीला हाती लागली होती तिला आता पुढच्या उन्हाळ्याची वाट बघावी लागणार, आणि टायटनचं एक वर्ष आपल्या एकोणतीस वर्षांचं. मला ह्या निकालाचं अजूनही वाईट वाटतं.

खर्चाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगतो. मर्यादा असते आणि मर्यादा मोडते. इनसाइटच्या भूकंपमापकाच्या व्हॅक्यूमला गळती निघाली, २०१६ ची संधी हुकली, दोन वर्षं उशीर आणि साधारण १५ कोटी डॉलर वाढले. न्यू फ्रंटियर्समधलं ड्रॅगनफ्लाय, टायटनवर उडणारं, ८५ कोटींच्या मर्यादेत निवडलं गेलं आणि आता एकूण आकडा ३३५ कोटी डॉलर सांगतात, मात्र हे दोन आकडे तसेच शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे कारण पहिल्यात रॉकेट आणि यान चालवायचा खर्च धरलेला नव्हता, दुसऱ्यात आहे, शिवाय मधे कोविड आला आणि नासाने स्वतःच बजेट नाही म्हणून काम परत परत पुढे ढकललं. तरीसुद्धा फरक मोठाच. आणि निवड झाली की सुटलो असंही नाही, सायकीचं सॉफ्टवेअर वेळेत तपासून झालं नाही म्हणून २०२२ चं उड्डाण हुकलं, चौकशीत निघालं की ते यान सांभाळणाऱ्या जेपीएल या नासाच्या केंद्रात माणसंच कमी पडतायत, आणि त्याचा फटका कोणाला, तर रांगेत मागे असलेल्या व्हेरिटासला, ते २०३१ च्या आधी नाही असं सांगण्यात आलं. व्हेरिटासच्या टीमने काहीही चूक केलेली नव्हती.

ह्याबाबतीत युरोपची पद्धत मला जास्त पटते. ईसामध्ये, म्हणजे युरोपच्या अंतराळ संस्थेत, निवड वेगळी आणि ज्याला ते ॲडॉप्शन म्हणतात ते वेगळं. एनव्हिजन हे त्यांचं शुक्राचं यान जून २०२१ मध्ये निवडलं गेलं, पण पूर्ण पैसा बांधायचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये, मधली अडीच वर्षं डिझाइन पक्कं करण्यात गेली. त्यांच्याकडेही हरलेले परत येतात, एनव्हिजनसमोर हरलेलं थेसियस हे यान पुढच्या स्पर्धेत परत आलं आणि २०२३ च्या नोव्हेंबरात शेवटच्या तिघांत पोचलं. दोष असा की उपकरणांचा पैसा बहुतेक करून सदस्य देश देतात, त्यामुळे सायन्सबरोबर कुठल्या देशाचा खिसा किती हेही बघावं लागतं. आणि त्याच फेरीतलं स्पिका हे इन्फ्रारेड दुर्बिणीचं यान निकाल लागायच्या आधीच २०२० मध्ये पैशापायी बाहेर काढलं गेलं, त्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्या जपानी आणि युरोपीय लोकांचं काय झालं असेल.

फार मोठी यानं, अब्जावधी डॉलरची, ती ह्या स्पर्धेतून येत नाहीत हे लक्षात ठेवा. त्यांची दिशा दर दहा वर्षांनी होणाऱ्या डेकेडल सर्व्हेत ठरते, म्हणजे शास्त्रज्ञ मिळून पुढच्या दशकाचा प्राधान्यक्रम लावतात त्यात, २०२२ च्या सर्व्हेने युरेनसभोवती फिरणारं आणि त्याच्या वातावरणात प्रोब सोडणारं यान पहिल्या नंबरवर टाकलं, शनीच्या एन्सेलॅडस चंद्रावरचं दुसऱ्या. तो रिपोर्टही फुकट वाचता येतो.

आपल्याकडचं बोलायचं तर कल्पनांची कमी अजिबात नाही. सूर्य बघणारं आदित्य घ्या, २००८ मध्ये सुचलं तेव्हा पृथ्वीभोवतीच फिरणारा एकाच उपकरणाचा छोटा उपग्रह होता, मग वाढत वाढत सात उपकरणांचं आदित्य एल-वन झालं आणि २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, त्यातली सूर्याचे अतिनील फोटो काढणारी सूट ही दुर्बीण पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने केलेली. ॲस्ट्रोसॅट या आपल्या अवकाशातल्या वेधशाळेवर निरीक्षणाचा वेळ मागायचा असेल तर अर्ज ज्या ऑनलाइन सिस्टीममधून जातो तीही आयुकानेच बांधलेली, म्हणजे प्रस्ताव मागवणं, तज्ज्ञांकडून तपासून घेणं हे आपल्या लोकांना चांगलं येतं. आणि दक्ष नावाचा प्रस्ताव आहे, आयआयटी मुंबई, टीआयएफआर, आयुका, अहमदाबादची पीआरएल आणि बंगळुरूची रामन संस्था यांचा मिळून, पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह ठेवून सगळ्या आकाशावर एकाच वेळी नजर ठेवायची आणि गॅमा किरणांचे स्फोट, गुरुत्वीय लहरींसोबत येणारा प्रकाश पकडायचा. मला तो फार आवडलेला प्रस्ताव आहे, तो उडावा असं मनापासून वाटतं. शुक्राच्या ऑर्बिटरसाठी इस्रोने २०१७ ला उपकरणांचे प्रस्ताव मागवले, कॅबिनेटची मंजुरी सप्टेंबर २०२४ मध्ये आली, १२३६ कोटी रुपये, उड्डाण मार्च २०२८ ला ठरलंय. २०१७ ला जो पीएचडीला लागला तो उड्डाणाला कुठे असेल विचार करा. इस्रोने पैसा डिस्कव्हरीएवढा द्यावा असं मी म्हणत नाही, पण दर तीन वर्षांनी एक ठरलेली तारीख, छापलेलं वजन आणि नकाराला लेखी कारण, ह्याला काही फार पैसा लागत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा कापला तो फक्त वेळापत्रकासाठी, बाकी पद्धतीत माझ्या मते जगात सध्या तोड नाही.

ज्यांना वापरून बघायचंय त्यांनी २०१९ ची एओ उघडा आणि पहिल्या पानापासून वाचू नका, कंटाळून सोडाल. सरळ मूल्यमापनाच्या भागावर जा, तिथे एकेका निकषाखाली तपासणारा काय काय विचारेल ते सविस्तर लिहिलंय. मग स्वतःचं प्रपोजल, भले ते फुग्यावर लावायच्या सेन्सरचं असो, शेजारी ठेवा आणि त्याला तेच प्रश्न विचारा. त्यानंतर प्रश्नोत्तरांची फाइल, आणि वेळ असेल तर डेकेडलसाठी २०२० च्या सुमारास केलेले मोहिमांचे अभ्यास, त्यात वजन, वीज, डेटा किती पाठवता येईल यांचे पूर्ण तक्ते आहेत. आमच्या पोरांनी एन्सेलॅडसचा घेतला होता, विजेच्या तक्त्यावरच एक अख्खी दुपार गेली.